न्यूयॉर्क किती लांब आहे?

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझी जागा आत चुलीपाशी असते. बटाटेवड्यांची कढई माझ्याकडे असते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. यंदा चिटणीसबाईंनी आधी माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत घातले आणि मग मला विचारले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण म्हणून मी कधी उभी राहिलेली नाही. तेव्हा बोलण्यात काही चुकलेमाकले तर मोठ्या मनाने पदरात घ्यावे.

विषय मी माझाच घेतला आहे. आपल्या आळीत आता असे घर शोधावे लागेल की ज्यातला कोणी मुलगा, सून, लेक, जावई किंवा दीर परदेशी नाही. हळदीकुंकवाला बसलो की कोणी म्हणते, "आमचा दुबईला," कोणी म्हणते, "आमची लंडनला." लगेच दुसरी विचारते, "किती लांब आहे हो?" उत्तर ठरलेले असते. "विमानानं अमुक तास." मीही असेच उत्तर देत असे. माझे धाकटे दीर न्यूयॉर्कला असतात. कोणी विचारले की मी सांगे, "सोळा तास." या सोळा तासांनी आमच्या घरात काय केले, आणि ते सोळा तास खरे किती होते, तेवढेच आज सांगणार आहे.

२०२३ च्या जानेवारीत आमचे मामंजी गेले. मंगळवारची पहाट होती, चार वाजून दहा मिनिटे झाली होती. ह्यांनी लगेच धाकट्या भावाला फोन केला. भावजी तिकडून एवढेच बोलू शकले, "दादा, मी आज रात्रीच्या विमानानं निघतो." फोन बंद झाला. मग माणसे जमली. कधी उचलायचे हा प्रश्न निघाला. जमलेल्यांत एक-दोघे जाणकार होते. त्यांनी हिशेब मांडला : विमान सोळा तासांचे, आता चार वाजले आहेत, म्हणजे रात्री आठपर्यंत तो दारात उभा राहतो. सर्वांना ते पटले, मलाही पटले. सासूबाई म्हणाल्या, "बापाचं तोंड पाहू दे त्याला. थांबा."

आम्ही थांबलो. दिवसभर बर्फ आणला. घरात चूल नाही, म्हाताऱ्या माणसांच्या पोटात पाणी नाही. आठ वाजले, साडेआठ वाजले. भावजींचा फोन लागेना. नऊ वाजता वडीलधारी मंडळी म्हणाली, आता यापुढे ठेवणे बरे नाही. मामंजींना नेले. मागे आम्ही बायकाच राहिलो.

सव्वादहाला फोन वाजला. मीच घेतला. "वहिनी, मी दुबईला उतरलो. बाबांना ठेवलंय ना? मी येईपर्यंत थांबायला सांगा." मी म्हटले, "भावजी, नेलं हो." त्यानंतर पुष्कळ वेळ कोणीच बोलले नाही. मागे विमानतळावरची घोषणा चाललेली मला ऐकू येत होती.

भावजी घरी पोहोचले ते बुधवारी दुपारी साडेबाराला. सासूबाई त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "सोळा तासांची वाट, आणि तुला दीड दिवस लागला. मनात असतं तर आला असतास." भावजी काही बोलले नाहीत. तेराव्यानंतर परत गेले. पुढे वर्षभर दर आठवड्याला त्यांचा फोन येई, ह्यांच्याशी बोलत, माझ्याशी बोलत. सासूबाई मात्र फोन हातात घेत नसत. "त्याला म्हणावं, मी जपाला बसलेय."

मैत्रिणींनो, खोटे कशाला सांगू? त्या वर्षात माझ्याही मनात कधी कधी येई, की खरेच, कुठे रेंगाळले असतील का हे? असे वाटणे किती वाईट होते ते मला माझ्या धाकट्या मुलीच्या भूगोलामुळे कळले.

मुलीला शाळेत एका स्पर्धेत पृथ्वीचा गोल बक्षीस मिळाला होता. एका रविवारी ती शाळेचा अभ्यास करीत होती आणि मी शेजारी बसून रुखवताच्या रुमालावर भरतकाम करीत होते. ती म्हणाली, "आई, जरा दोरा दे." तिने दोरा गोलाच्या पोटाभोवती, म्हणजे विषुववृत्तावरून, गुंडाळला आणि पट्टीवर मोजला. ६३ सेंटीमीटर भरला. खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर हा सुमारे ६३५ किलोमीटर झाला. मग मी तिला म्हटले, "मुंबईवर बोट ठेव, आणि तुझ्या काकाच्या गावापर्यंत दोरा ताणून धर." तो दोरा वीस सेंटीमीटरला दोन मिलिमीटर कमी भरला. गुणाकार केला तर साडेबारा हजार किलोमीटर! पुढे मुलीने खात्री करून घेतली. मुंबईच्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे १२,५५० किलोमीटरच आहे. भरतकामाच्या दोऱ्याने एवढे बरोबर मोजता येते याचा मला फार आनंद झाला.

पण दोऱ्याने आणखी एक नवल दाखवले. भिंतीवरच्या नकाशात पाहिले, तर मुंबईहून न्यूयॉर्कला जायची सरळ रेघ अरबस्तान, इजिप्त, सहाराचे वाळवंट आणि पुढे अटलांटिक महासागर अशी जाते. गोलावरचा ताणलेला दोरा मात्र मुंबईहून उत्तरेकडे चढला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, कॅनडा असा जाऊन मग न्यूयॉर्कला उतरला. मला वाटले, दोरा सरकला. पण सरकला नव्हता. मोसंब्याचे साल काढून पोळपाटावर सपाट करायला जा, ते फाटते किंवा ताणावे लागते. गोल पृथ्वीचा सपाट नकाशा करताना तसेच होते. उत्तरेकडचे देश त्यात ताणून मोठे होतात, आणि जवळची वाट लांबची दिसते. नकाशातल्या रेघेने विमान गेले तर त्याला दीड हजारावर किलोमीटर जास्त पडतील.

अर्थात विमानाला दोऱ्यासारखे नेमके जाता येत नाही. कोणत्या देशाच्या आकाशातून जायला मिळते यावर ते असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा पडला आणि तेल भरण्यासाठी वाटेत व्हिएन्नाला उतरावे लागले. घाट बंद झाला की आपली एस.टी. दुसऱ्या रस्त्याने जाते, त्यातलाच हा प्रकार. अंतर कागदावर तेच राहते, वेळ बदलतो.

आता वेळेचा हिशेब. मोठे विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते. साडेबारा हजाराला नऊशेने भागले की चौदा तास येतात. मग मुंबईहून तिकडे जाताना पंधरा-सोळा तास का लागतात? एक तर विमान सुटले की लगेच त्या वेगाने जात नाही. जमिनीवर चालणे, चढणे, उतरणे यात वेळ जातो. दुसरे कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचा वारा वाहतो, आणि थंडीच्या दिवसांत तो जास्तच असतो. आपल्या साताऱ्याच्या पावसात वाऱ्याच्या तोंडाला छत्री घेऊन कोणी चालले आहे का? शाळेतून घरी यायला दहा मिनिटे, तर त्या दिवशी पंधरा लागतात. आणि पाठीवर वारा असला की आपण चालत नाही, तो आपल्याला ढकलतो. तसेच विमानाचे. पश्चिमेकडे जाताना वारा तोंडावर, परत येताना पाठीवर. म्हणून न थांबणारे विमान तिकडून इकडे चौदा तासांच्या आसपास येते, आणि इकडून तिकडे जायला त्याला एक-दोन तास जास्त लागतात.

सिंगापूर ते न्यूयॉर्क ही तर याहून लांब उडी आहे. सुमारे १५,३०० किलोमीटर, वाटेत कुठेही न थांबता, अठरा तासांवर. एका जागी अठरा तास बसायचे! आपल्याला सत्यनारायणाच्या कथेला दोन तास बसले तरी पाय अवघडतात.

हे सर्व ऐकून आपण म्हणाल, मग सोळा तास हे खरेच की! हो, खरेच. पण अर्धेच खरे. त्या रविवारी मी कॅलेंडरचे जुने पान उलटे केले आणि भावजींच्या त्या प्रवासाचा हिशेब लिहायला बसले. ह्यांना विचारले, भावजींना फोन करून नेमक्या वेळा विचारल्या. त्यांनी कारण विचारले नाही, पण एकही वेळ ते विसरले नव्हते. सगळ्या वेळा मी आपल्या घड्याळाच्या करून घेतल्या.

इथेच पहिली गाठ सुटली. आपले घड्याळ न्यूयॉर्कच्या घड्याळापेक्षा थंडीत साडेदहा तास पुढे असते. मामंजी गेले तेव्हा आपल्याकडे मंगळवारचे पहाटेचे चार दहा. तिकडे सोमवारचे संध्याकाळचे पाच चाळीस. भावजी कामावरून निघत होते. ते म्हणाले, "आज रात्रीच्या विमानानं निघतो." ती रात्र त्यांची होती. त्यांचे विमान सुटले तिकडच्या रात्री अकराला, म्हणजे आपल्या मंगळवारच्या सकाळी साडेनऊला. आम्ही सोळा तास मोजायला सुरुवात केली पहाटे चारला. ते विमानात बसण्याआधीच आमचे साडेपाच तास संपले होते!

आता पान वाचून दाखवते. फोन आल्यापासून विमान सुटेपर्यंत पाच तास वीस मिनिटे. यात घरी जाणे, तिकीट शोधणे, विमानतळ गाठणे. परदेशच्या विमानाला तीन तास आधी हजर राहावे लागते. थेट मुंबईच्या विमानात जागा नव्हती, म्हणून दुबईवरून आले. न्यूयॉर्क ते दुबई साडेबारा तास. दुबईला पुढच्या विमानाची वाट पाहणे चार तास. दुबई ते मुंबई तीन तास. मुंबईला पासपोर्टची रांग आणि सामान दीड तास. तिथून सातारा, मोटारीने, सहा तास. बेरीज करा. बत्तीस तास वीस मिनिटे. पहाटे चार दहाला त्यात मिळवा. बुधवारचे दुपारचे साडेबारा येतात. एक मिनिट कुठे हरवलेले नाही.

त्यातले हवेतले तास मोजले तर साडेपंधरा भरतात. उरलेले सतराएक तास रांगेत, बाकावर आणि रस्त्यावर गेले. आपल्याला माहेरी जायचे असते तेव्हा हे आपल्याला कळते. एस.टी.चा प्रवास दोन तासांचा; पण स्टँडवर जा, गाडीची वाट पाहा, फाट्यावर उतरा, पुढे वडापची जीप भरेपर्यंत बसा. सकाळी निघालेली बाई दुपारी उंबरठ्यावर पोहोचते. तिला कोणी म्हणते का, "दोन तासांची वाट, तुला अर्धा दिवस का लागला?" मग विमानाला आपण वेगळा न्याय का लावला?

त्या संध्याकाळी मी ते पान सासूबाईंपुढे नेले. त्यांना वाचता येते, पण चष्मा लागतो. मी एकेक ओळ वाचली. त्या गोलावरचा दोराही मी तसाच ठेवला होता. त्यांनी दोऱ्यावरून बोट फिरवले. मग विचारले, "म्हणजे तो वाटेत कुठं थांबला नव्हता?" मी म्हटले, "दुबईला चार तास. विमानच नव्हतं." पुष्कळ वेळ त्या गप्प बसल्या. नंतर म्हणाल्या, "तिथं एकटा बसला असेल तो. बातमी ऐकून." आणि थोड्या वेळाने, "आत्ता तिकडं किती वाजले असतील गं?" तिकडे रविवारची सकाळ होती. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, आणि विचारलेही नाही.

आता आमच्या घरात दोन घड्याळे आहेत. एक आपले आणि एक सासूबाईंच्या कॉटसमोर, न्यूयॉर्कच्या वेळेचे. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. म्हणून उन्हाळ्यात आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक साडेनऊ तासांचा होतो. ते काटे फिरवण्याचे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले आहे.

कोणी म्हणेल, बत्तीस तास आधी कळले असते तर तुम्ही थांबला असतात का? खरे सांगायचे तर कदाचित नसतो. वडीलधाऱ्यांनी सकाळीच नेऊ या म्हटले असते. पण मग आम्ही ते भावजींना विमानात बसण्यापूर्वी सांगितले असते. आशेवर बसून इतका प्रवास त्यांनी केला नसता. सासूबाईंनी आठपासून दाराकडे डोळे लावले नसते. आणि एका मुलावर न केलेल्या अपराधाचा ठपका वर्षभर राहिला नसता.

आपल्याच आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. दोन महिने! तेव्हा मागे राहिलेल्या माणसांना ठाऊक असे की आपले माणूस फार लांब गेले आहे; निरोप गेला तरी ते येऊ शकणार नाही. १९४८ च्या ८ जूनला मुंबईहून लंडनला आपले पहिले विमान गेले, ते कैरो आणि जिनिव्हा करीत. १९६० च्या मे महिन्यात लंडनवरून न्यूयॉर्कला आपली जेट विमाने जाऊ लागली. वाट जवळ झाली, हे चांगलेच झाले. पण जवळ झाली म्हणून आपण ती शेजारच्या आळीइतकी जवळ धरतो, आणि माणूस वेळेवर आले नाही की दोष माणसाला देतो.

म्हणून भगिनींनो, माझे एवढेच सांगणे आहे. ज्यांच्या घरचे कोणी परदेशी आहे त्यांनी एका कागदावर हिशेब लिहून देव्हाऱ्याजवळ किंवा कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवावा. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा किती मागे किंवा पुढे आहे. त्यांच्या घरापासून विमानतळ किती तासांवर. विमान थेट मिळते की मध्ये उतरावे लागते. मुंबई किंवा पुण्याला उतरल्यावर आपल्या दारापर्यंत किती वेळ. हे सर्व शांत दिवसात, त्यांच्याशी बोलून लिहावे. आणि कोणी "रात्रीच्या विमानानं निघतो" म्हणाले, तर आधी विचारावे, "बाबा, रात्र कोणाची? तुझी की आमची?" वार आणि वाजलेले दोन्ही विचारावेत, आपल्या घड्याळाने. सोन्यासारख्या माणसांसाठी एवढे दोन प्रश्न काही जास्त नाहीत. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर तेही वेळेवर आठवण करून द्यावे. अशा प्रसंगी त्यासाठी वेळ नसतो.

ज्या भगिनींना दोऱ्याने अंतर मोजून पाहायचे असेल त्यांनी आमच्या घरी यावे. गोल आहे, पट्टी आहे, आणि दोरा तर आपल्या सर्वांकडेच आहे. लंडनचे, दुबईचे, सिडनीचे, ज्याचे त्याचे अंतर मोजून देऊ. मुलगी आनंदाने मदत करील, आणि सासूबाई आपल्या घड्याळाबद्दल सांगायला बसतीलच.

 कढई आता कोणाकडे आहे ते पाहते, आणि माझे दोन शब्द इथेच पुरे करते.